अंत्ययात्रा आणि मिरवणूक रस्त्यावरून कशी न्यावी: घर सोडल्यापासून रस्ता मोकळा होईपर्यंत

आमच्या काकांची अंत्ययात्रा सिग्नलला तुटली. शववाहिका आणि चाळीसेक माणसं हिरव्या दिव्यात पुढे गेली, बाकीची अलीकडे अडकली. पुढच्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि मागच्यांना स्मशानभूमीचा रस्ता नीट ठाऊक नव्हता. आत्या पोहोचली तेव्हा अग्नी देऊन झाला होता. सख्ख्या भावाचं तोंड शेवटचं पाहायचं राहिलं, ते केवळ चौकात कोणी उभं नव्हतं म्हणून.

तेव्हापासून ओळखीतल्या कोणाकडे मयत झालं की मी रस्त्याचं काम अंगावर घेतो. मंडळाच्या मिरवणुकीतही तेच करतो. दोन्हीकडे चुका ठरलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक निघण्याआधीच झालेल्या असतात. खाली लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या शहरांना आणि तालुक्याच्या गावांना धरून आहे.

## परवानगी कशाला लागते, कशाला नाही

घरच्या अंत्ययात्रेसाठी पोलीस परवाना काढावा लागत नाही. शहरात जमावबंदी असली तरी घाबरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(३) खाली एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत सभा-मिरवणुकांवर बंदी घालता येते. या आदेशांत लग्न आणि अंत्यविधीला सहसा सूट दिलेली असते. तरी आदेश मिळवून ती ओळ स्वतः वाचा. पूर्वी ज्याला सगळे ‘१४४ लागलं’ म्हणायचे, तो आदेश १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्यातही सूट कोणाला आहे ते वाचावं लागतं.

जयंती, शोभायात्रा, विसर्जन, दिंडी किंवा शाळेचं संचलन रस्त्यावर काढायचं असेल तर मात्र परवानगी घ्या.

सगळ्यात जास्त गैरसमज असतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्याच कलम ३६ बद्दल. मिरवणुकीने कोणत्या रस्त्याने जावं, किती वाजता जावं, वाद्यं कुठे थांबवावीत, हे सांगण्याचा अधिकार या कलमाने पोलिसांना दिला आहे, आणि तो आदेश तोंडीही देता येतो. तेव्हा चौकातले साहेब म्हणाले, ‘इथून डावीकडे वळवा’, तर खिशातला परवाना काढून वाद घालू नका. परवान्यात सरळ लिहिलेलं असलं तरी त्या क्षणी डावीकडेच वळायचं.

आणखी एक. अंत्ययात्रेला सिग्नल तोडायची मुभा नाही. रस्त्यावर वाट मिळण्याचा हक्क रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाडीचा. शववाहिका त्यात येत नाही. लोक वाट देतात ती माणुसकीने, आणि ती गृहीत धरून चौकात घुसणं धोक्याचं आहे. सिग्नलच्या वरचढ फक्त वाहतूक पोलिसाचा हात.

# भाग पहिला: अंत्ययात्रा

## १. घरात असतानाच: तीन फोन आणि एक माणूस

घरच्यांना यातलं काहीही सुचणार नाही आणि सुचावं अशी अपेक्षाही करू नये. शेजारी, भाचा, जावई अशा कोणा एकाने रस्त्याचं काम घ्यावं आणि ते सगळ्यांना सांगावं: ‘वहिनी, रस्त्याचं मी बघतो, कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.’ त्या माणसाने तिरडी बांधायला किंवा खांदा द्यायला जायचं नाही.

पहिला फोन स्मशानभूमीला. दाहिनी किंवा चितेची जागा किती वाजता मोकळी आहे, आत किती गाड्या मावतात, कोणतं फाटक उघडं आहे, हे विचारा. हा फोन न करता निघालात तर अख्खी यात्रा फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहते, दुतर्फा गाड्या लागतात आणि मागची वाहतूक तुंबते. वेळ मिळाली की तिथून उलटं मोजत घरून निघायची वेळ ठरवा.

दुसरा फोन शववाहिकेच्या चालकाला. गाडी गल्लीत दारापर्यंत येते का, की तोंडाशी थांबते? गल्लीत उभ्या असलेल्या दुचाकी आधीच हलवून घ्या. पार्थिव खाली आणल्यावर ‘ही कोणाची गाडी’ म्हणून हाका मारत फिरणं फार क्लेशदायक होतं.

तिसरा फोन स्थानिक पोलीस ठाण्याला. तो दर वेळी लागत नाही. दोनशेच्या वर माणसं चालत जाणार असतील, वाटेत मोठा चौक, महामार्ग किंवा रेल्वे फाटक असेल, गेलेली व्यक्ती गावात सर्वांच्या ओळखीची असेल किंवा मृत्यूवरून वातावरण तापलेलं असेल, तर नक्की करा. एवढंच सांगा: ‘साहेब, अमुक ठिकाणाहून चार वाजता अंत्ययात्रा निघतेय, तीनशेक माणसं आहेत, अमुक चौक ओलांडायचा आहे.’ चौकात एक माणूस देता आला तर पोलीस देतात, असा माझा अनुभव आहे.

तपासा: मृत्यूचा वैद्यकीय दाखला आणि स्मशानभूमीत लागणारे बाकीचे कागद एका पिशवीत घालून एका माणसाकडे द्या, आणि तो माणूस शववाहिकेत चालकाशेजारी बसवा. कागद मागच्या गाडीत राहिले तर पार्थिव फाटकात थांबतं.

## २. चालत की गाडीने

चालत न्यायचं ठरवण्याआधी साधा हिशोब करा. चार-चारच्या ओळीने दोनशे माणसं म्हणजे पन्नास ओळी. दोन ओळींत दीड मीटर अंतर धरलं तर लांबी पंचाहत्तर मीटर. खांद्यावर तिरडी घेऊन माणसं ताशी दोनेक किलोमीटर चालतात. या वेगाने एवढी रांग एका रेषेपलीकडे जायला सव्वादोन मिनिटं लागतात. तुमच्या चौकातला हिरवा दिवा किती सेकंद असतो ते एकदा घड्याळ लावून पाहा. मग यात्रा चौकात का तुटते ते लगेच कळेल.

म्हणून मोठे चौक वाटेत असतील तर माझा सल्ला ठाम आहे: गल्लीच्या तोंडापर्यंत खांद्यावर न्या, तिथून शववाहिकेत ठेवा. खांदा देण्याचं समाधानही मिळतं आणि हमरस्त्यावर माणसं येत नाहीत. पार्थिव गाडीत ठेवायची जागा मात्र आधी ठरवा. ती गल्लीच्या आत किंवा मोकळ्या मैदानात असावी, हमरस्त्याच्या कडेला नको.

कोणत्याही समाजात पद्धतीप्रमाणे यात्रेचा आकार बदलतो, तो लक्षात घ्या. जनाजा झपाझप चालतो आणि खांदा सतत बदलत राहतो, त्यामुळे कडेने माणसं पुढे-मागे धावतात. लिंगायत समाजात पार्थिव बसवून नेतात, त्या सजवलेल्या आसनाची, म्हणजे ‘विमाना’ची, उंची वाढते, तेव्हा वाटेतल्या तारा आणि कमानी आधी पाहाव्या लागतात.

## ३. रस्त्यावरची मांडणी

रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला आणि अर्ध्याहून जास्त रस्ता कधीही अडवू नका. चार माणसं पाहिजेत, चारही शिट्टी आणि मोबाइलसह:

एक सर्वांत पुढे, यात्रेपासून वीस पावलं अंतर ठेवून. समोरून येणाऱ्यांना हाताने वेग कमी करायला सांगणं आणि पुढचा खड्डा, उघडं गटार मागे कळवणं हे त्याचं काम.

दुसरा मडकं धरलेल्या माणसाच्या रस्त्याकडच्या बाजूला. याची गरज लोकांना वाटत नाही, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. मुलगा अनवाणी असतो, डोळ्यांत धूर आणि पाणी असतं, कालपासून झोपलेला नसतो. गाडी आली हे त्याला दिसतच नाही. त्याच्या कोपराला हलका हात लावून चालायचं, बोलायचं काही नाही.

तिसरा मधे, रस्त्याच्या बाजूने पुढे-मागे फिरता. बाहेर पसरणाऱ्यांना आत घ्यायचं.

चौथा अगदी शेवटी. त्याच्या मागे एकही माणूस राहता कामा नये. म्हाताऱ्या माणसांना दम लागला तर त्यांना सोबतच्या रिक्षात किंवा गाडीत बसवण्याचं काम त्याचं. दिवस मावळला असेल तर त्याच्या अंगावर चमकणारा पट्टा आणि हातात मागच्या गाड्यांना दिसेल असा विजेरीचा उजेड पाहिजे. रात्रीच्या यात्रेत गाडी मागून येते, आणि पांढरे सदरे दिसतात त्याहून फार उशिरा काळे शर्ट दिसतात.

खबरदारी: चौकात खांदा बदलायचा नाही. चौकाच्या अलीकडे थांबा, खांदा बदला, मागची माणसं जवळ येऊ द्या, मग ओलांडा. विसाव्याची जागाही डांबरावर नको. देवळाचं पटांगण, बाजूची मोकळी जागा, काहीही चालेल.

खबरदारी: वाटेत नाणी उधळू नका. ती वेचायला पोरं गाड्यांसमोर धावतात. लाह्या-फुलं उधळायची तर गल्लीतच. ओल्या रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्यांवरून दुचाकी सरकते.

## ४. चौक, महामार्ग, फाटक

सिग्नलला पोलीस नसेल तर लाल दिव्यात थांबा. पार्थिव खांद्यावर असलं तरी थांबा. हिरवा पडला की आधी शिट्टीवाला जाईल, मग तिरडी, मग जेवढे जातील तेवढे. उरलेले पुढच्या हिरव्यात येतील. पुढच्यांनी चौक ओलांडल्यावर शंभर पावलांवर, डावीकडे, थांबून वाट पाहायची. शेवटच्या माणसाचा हात वर दिसला की निघायचं. आमच्या काकांच्या वेळी एवढं जरी केलं असतं, तरी पुरलं असतं.

महामार्गाच्या पलीकडे स्मशानभूमी असलेली गावं आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. तिथे दुभाजकाच्या फटीतून तिरडी काढायची सवय अत्यंत वाईट आहे. अर्धा-एक किलोमीटर वळसा पडला तरी भुयारी मार्गाने किंवा पुलाखालून जा. तो मार्ग नसेलच तर दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं पन्नास-साठ मीटर आधी लाल कापड घेऊन उभी करा आणि अशा जागी पोलिसांना आधी कळवाच.

रेल्वे फाटक बंद असेल तर थांबणं एवढाच पर्याय आहे. फाटक जबरदस्तीने उघडणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६० खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. बांबूचा झेंडा किंवा उंच विमान असेल तर रूळ ओलांडताना खाली घ्या. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि झटका बसायला तारेला टेकावंच लागतं असं नाही.

## ५. गाड्यांचा ताफा

दोन गाड्यांपासून दहा गाड्यांपर्यंत ताफा असला की प्रत्येक चालकाला निघण्यापूर्वी स्मशानभूमीचं ठिकाण मोबाइलवर पाठवा. ‘माझ्या मागे ये’ हा निरोप पुरेसा नाही. मग तो सिग्नल तोडतो, कारण पुढची गाडी सुटेल ही भीती असते.

दिवे साधे, खालच्या झोतावर लावा. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवून चालवू नका. मागच्याला गाडी बंद पडली असं वाटतं, आणि तुम्ही वळणार आहात हे दाखवायला दिवाच उरत नाही. शववाहिकेला सायरन लावायला सांगू नका, तो तिला नाही.

टेम्पो किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसं भरून नेणं गावाकडे सर्रास चालतं. मालवाहू वाहनात प्रवासी नेण्याची परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी अशा प्रवाशांची भरपाई नाकारू शकते. एका घरातलं दुःख दहा घरांत जायला एक वळण पुरतं. भाड्याने छोटी बस करा. वर्गणी मागायला संकोच करू नका, अशा वेळी लोक मनापासून देतात.

स्मशानभूमीत पोहोचलात की आधी माणसं उतरवा, मग गाड्या एका बाजूला लावायला एकाला उभं करा. शववाहिका बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. तिला कदाचित पुढच्या घरी जायचं असेल.

# भाग दुसरा: मिरवणूक

## ६. अर्जाआधीचं काम

बहुतेक मंडळांचा क्रम उलटा असतो. आधी फ्लेक्स, मग ढोल-ताशा पथकाला आगाऊ रक्कम, मग पाहुणे, आणि शेवटी पोलीस ठाणं. मग पोलीस मार्ग किंवा वेळ बदलतात आणि सगळं छापलेलं वाया जातं. आधी मार्ग, मग अर्ज, मग परवाना आणि त्यानंतरच छपाई, हा क्रम धरा.

मार्ग ठरवायला ज्या वेळी मिरवणूक निघणार त्याच वेळी, आठवड्याच्या त्याच वारी, चालत फिरा. सकाळी सात वाजता मोकळा दिसणारा बाजाररस्ता संध्याकाळी सात वाजता भाजीच्या हातगाड्यांनी भरलेला असतो. फिरताना वही घ्या आणि लिहा: रस्ता सर्वांत अरुंद कुठे आहे, तारा खाली कुठे आल्या आहेत, चढ-उतार, खोदलेला रस्ता, रुग्णालयं, शाळा, प्रार्थनास्थळं, बसथांबे, आणि गर्दी अडकली तर बाहेर काढायला कोणत्या गल्ल्या आहेत.

तारांची उंची अंदाजाने ठरवू नका. तुमच्या सर्वांत उंच देखाव्याएवढा सुका बांबू घेऊन दुरून पडताळा, तारेजवळ नेऊ नका. शंका असेल तिथे वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी कळवा. लोखंडी पाइपाचे झेंडे मिरवणुकीत अजिबात नकोत.

मग वेळेचा हिशोब. हजार माणसं पाच-पाचच्या ओळीत म्हणजे दोनशे ओळी, दीड मीटरने तीनशे मीटर लांबी. वाद्यांसह वेग ताशी दीड किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणजे एका चौकातून ही मिरवणूक जायला बारा मिनिटं लागतात. मार्ग तीन किलोमीटर असेल तर नुसतं चालायला दोन तास. वाटेत चार ठिकाणी वीस-वीस मिनिटं खेळ किंवा पूजा असेल तर तीन तास वीस मिनिटं, आणि शेवटचा माणूस पोहोचायला वरची बारा. वाद्यं रात्री दहाला बंद करायची आहेत, तेव्हा साडेसहाला निघून जमत नाही. सहाच्या आत पहिलं पाऊल पडलं पाहिजे. निमंत्रणावर पाच छापा.

दहाची मर्यादा फक्त स्पीकरला आहे असं ढोल-पथकांना वाटतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर वाद्यं वाजवण्यालाही मनाई आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. तुमचा दिवस त्यात आहे का ते जाहीर यादीत पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून धरा, तिथे कोणत्याही वेळी वाद्यं बंद. वहीत ‘इथे बंद, इथे सुरू’ अशा खुणा करून पथकप्रमुखाच्या हातात द्या.

## ७. अर्ज

अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत वाहतूक शाखेचं मतही घेतलं जातं, जिल्ह्यात ते काम जिल्हा वाहतूक शाखेकडे जातं. मार्ग दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर दोन्हीकडे प्रत द्या. हे विसरल्यामुळे हद्द बदलताच अडकलेल्या मिरवणुका मी पाहिल्या आहेत. स्पीकरचा परवाना वेगळा. मांडव-कमान असेल तर महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगी वेगळी. किमान तीन आठवडे हाती ठेवा.

अर्जात काय लिहायचं याबद्दल लोक फार मोघम असतात. ‘मुख्य रस्त्याने’ असं लिहिलेला अर्ज परत येतो. असं लिहा: अमुक मंदिरापासून सुरुवात, डावीकडे अमुक रस्ता, अमुक चौकात उजवीकडे, अमुक मैदानात समाप्ती. त्याबरोबर निघण्याची, प्रत्येक चौकात पोहोचण्याची आणि संपण्याची वेळ. माणसांची संख्या खरी लिहा. बंदोबस्त त्या आकड्यावर ठरतो, कमी लिहिलीत तर पोलीसही कमी मिळतात. वाहनांचे क्रमांक, चालकांची नावं, वाद्यांचा प्रकार, स्वयंसेवकांची यादी आणि जबाबदार दोन माणसांचे मोबाइल क्रमांक जोडा. हाताने काढलेला नकाशा चालतो, फक्त स्पष्ट काढा.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच म्हणजे परवानगी नव्हे. हे इतक्या वेळा घोळात जातं की पुन्हा लिहितो: पोच हातात असणारी मिरवणूक विनापरवानाच आहे.

परवाना मिळाला की अटी मोठ्याने वाचा, सगळ्या कार्यकर्त्यांना बसवून. बऱ्याचदा त्यासोबत आयोजकांना नोटीसही येते. पूर्वी तिला ‘१४९ ची नोटीस’ म्हणत, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली असते. ती आली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. गुन्हा घडू नये म्हणून दिलेली ती ताकीद आहे. सही करून नोटीस घ्या, प्रत जपून ठेवा.

तपासा: परवान्यावरची तारीख, वेळ आणि मार्ग तुमच्या अर्जाशी शब्दाशब्दाने जुळतात का? बदल असेल तर तो चौकाचौकात उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांपर्यंत गेला का?

## ८. वाहनं

गर्दीत चालणारं वाहन हाच मिरवणुकीतला सर्वांत मोठा धोका. विमा, नोंदणी, फिटनेस, चालकाचा परवाना, सगळं आदल्या दिवशी पाहा. ब्रेक उतारावर भरल्या वजनासह तपासा, रिकाम्या गाडीवर नव्हे. चालक दिवसभर उपाशी आणि रात्री जागा राहणार नाही, यासाठी दुसरा चालक ठेवा. दारूचा वास आला तर कोणाचाही नातेवाईक असो, त्याला खाली उतरवा.

प्रत्येक वाहनाभोवती दोर धरलेले किमान सहा जण हवेत, विशेषतः मागच्या चाकांजवळ. नाचता नाचता माणूस मागे सरकतो आणि पाय चाकाखाली जातो. वाहन थांबलं की चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. जनरेटरजवळ अग्निशामक नळकांडं ठेवा आणि चालू जनरेटरमध्ये डिझेल ओतू नका.

खबरदारी: परवान्यात दोन वाहनं असतील तर तिसरं ऐनवेळी घुसू देऊ नका. ते कोणाचं, चालक कोण, कागद आहेत का, याचं उत्तर अपघातानंतर तुम्हालाच द्यावं लागेल.

## ९. मिरवणूक चालू असताना

अंत्ययात्रेची मांडणी इथेही लागू आहे, फक्त माणसं जास्त. दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, एकाच रंगाच्या टोपीत. पुढचा प्रमुख आणि शेवटचा प्रमुख सतत फोनवर जोडलेले असावेत. वेग शेवटच्याने ठरवायचा. मधे पन्नास मीटरची फट पडली की पुढच्यांनी थांबायचं. अशी फट दिसली की दुचाकीवाले तीतून घुसतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

शिट्टीच्या खुणा आधी शिकवा: एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन तुटक म्हणजे रुग्णवाहिका.

रुग्णवाहिकेची रंगीत तालीम कराच. ही तालीम न केलेल्या मंडळाने मिरवणूक काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सायरन ऐकू येत नाही कारण ढोल चालू असतात, म्हणून तीन शिट्ट्या वाजताच पहिल्यांदा वाद्यं थांबायला हवीत. मग ज्या बाजूने गाडी येतेय तिकडून गर्दी मधोमध फाकायची, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. सगळ्यांना एकाच बाजूला लोटलं तर कडेची माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चेंगरतात. दोन स्वयंसेवक गाडीच्या पुढे धावतात, दोन मागे राहून लगेच वाट बंद होऊ देत नाहीत, कारण बहुधा मागून आणखी एखादी गाडी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तालीम करताना मात्र दंडाचा विचार मनात आणू नका. आतल्या माणसाचा श्वास आणि त्याच्या घरचे, एवढंच डोळ्यांसमोर ठेवा.

एखादा दुचाकीवाला कर्कश हॉर्न वाजवत अंगावर आला तर त्याच्याशी कार्यकर्त्यांनी बोलायचं नाही. टोपीवाला एकच माणूस बोलेल: ‘दादा, दोन मिनिटं थांबा, मी तुम्हाला काढून देतो.’ आणि खरोखर काढून द्या. गुलाल वाहनचालकांच्या दिशेने उडवायचा नाही.

११२ वर पोलीस आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते, हे दोन्ही आकडे स्वयंसेवकांच्या ओळखपत्रावर मागच्या बाजूला छापा. फोन करताना चौकाचं नाव आणि जवळची खूण सांगता आली पाहिजे. ‘मिरवणुकीत’ एवढ्या पत्त्यावर गाडी पोहोचत नाही.

## १०. संपवणं

मिरवणूक संपते त्या जागी सर्वांत जास्त कोंडी होते. पुढचे थांबतात, मागचे येतच राहतात. म्हणून समाप्ती रस्त्यावर ठेवू नका. मैदान, शाळेचं पटांगण, नदीकाठची मोकळी जागा पाहा. वाद्यं मैदानात शिरल्यावरच शेवटचा ठेका धरतील. प्रसाद किंवा पाणी मैदानाच्या अगदी आत, मागच्या टोकाला द्या म्हणजे माणसं आपोआप आत खेचली जातात. फाटकात वाटायला बसलात तर तिथेच गर्दी थांबते.

वाहनं उलट वळवायची असतील तर गर्दी ओसरल्यावरच, मागे माणूस उभा करून.

शेवटचा प्रमुख आत आला की बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला सांगा, ‘साहेब, शेवटचा माणूस आला, रस्ता सोडायला हरकत नाही.’ रस्ता तुमच्यामुळे बंद होता आणि तो केव्हा उघडायचा हे त्यांना तुमच्याकडूनच कळायला हवं. हा निरोप न गेल्याने रिकामा रस्ता अर्धा-अर्धा तास बंद राहिलेला मी पाहिला आहे.

मग खराटे. फुलं, कागद, पाण्याच्या बाटल्या त्याच रात्री उचला, आधी चौकातलं आणि वळणावरचं, मग बाकीचं.

## रस्त्यावर समोरून येणाऱ्यांसाठी थोडं

तुम्ही गाडीत आहात आणि अंत्ययात्रा येतेय. वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, यात्रेच्या मधून गाडी काढू नका. ओलांडून पुढे जायचंच असेल तर समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर, अंतर ठेवून, सावकाश जा. अंत्यसंस्कारासाठी जमलेल्यांना भावना दुखावण्याच्या हेतूने त्रास देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. दुसऱ्या बाजूने, यात्रेच्या नावाखाली सार्वजनिक रस्ता अडवून इतरांना अडथळा किंवा धोका निर्माण केला तर कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पार्थिव रस्त्यात ठेवून मागण्या करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, आणि त्या कोंडीत अडकलेल्या बसमधल्या माणसांचाही विचार करावा.

## दुसऱ्या दिवशीचा कागद

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तासभर बसून एक पान लिहा. प्रत्येक चौकात ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ, फट कुठे पडली, तार कुठे आडवी आली, स्वयंसेवक कुठे कमी पडले, रुग्णवाहिका आली तर किती सेकंदांत गेली. परवान्याची प्रत, पोच आणि नकाशा त्याच पानाला टाचून मंडळाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीचा अर्ज या पानावरून लिहायचा, गेल्या वर्षीच्या अर्जाची नक्कल करून नव्हे.